डबा धुतला, पिशवी बदलली, तरी डायपरचा वास येतोच: काय तपासायचे

तक्रार साधारण अशी असते. डबा कालच धुतला, पिशवी आज सकाळी बदलली, तळाला खाण्याचा सोडा टाकला, वर कापराची वडी ठेवली, तरी खोलीचे दार उघडले की वास. मे महिन्यात कशीबशी निभावलेली व्यवस्था मिरगाचा पाऊस लागला की पार कोलमडते. यात घरच्यांचा आळस क्वचितच असतो. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब, पावसामुळे खिडक्या बंद आणि तापमान मात्र २४ ते ३० अंशांच्या आसपास. जिवाणूंना याहून सोयीचे दिवस नाहीत. थंड, कोरड्या गावात ४ दिवस चालणारा डबा इथे दुसऱ्या दिवशी बोलू लागतो.

वासावर वास चढवण्याआधी तो नेमका कसला आहे ते ओळखा. अर्धे काम तिथेच होते.

नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास अमोनियाचा. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यातल्या युरियाचे जिवाणू विघटन करतात आणि त्यातून अमोनिया सुटतो. याला काही तास लागतात, म्हणून सकाळी टाकलेला डायपर रात्री किंवा दुसऱ्या दिवशी त्रास देतो. डायपरमधली जेल ओल धरून ठेवते, पण ही क्रिया थांबवत नाही.

कुजका, गटारासारखा वास शौचाचा. तो पहिल्या मिनिटापासून असतो. फक्त आईच्या दुधावरच्या बाळाच्या शीला सौम्य आंबूस वास येतो. उष्टावण होऊन पेज, वरणभात, नाचणी सुरू झाली की सगळेच बदलते, आणि ५ महिने बरी चाललेली सोय सहाव्या-सातव्या महिन्यात अचानक अपुरी पडते ती यामुळे.

कुबट, बुरशीचा वास आला तर डबा ओला असतानाच त्यात नवी पिशवी घातली जाते आहे.

चौथा प्रकार बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: वास डब्याचा नसतोच. डबा न्हाणीत ठेवलेला असेल तर आधी जमिनीवरचा नहाणी ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीखालची वाटी, तपासा. त्याच्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी उभे असते आणि तेच गटाराची हवा अडवते. फार वापरात नसलेल्या न्हाणीत एप्रिल-मेमध्ये हे पाणी सुकते. त्यातच एक्झॉस्ट पंखा चालू असेल तर तो बाहेरची हवा ओढण्याऐवजी पाइपातली हवा आत खेचतो, म्हणजे पंखा लावला की वास वाढतो. ट्रॅपमध्ये २ तांबे पाणी ओता, डबा अर्धा तास बाहेर ठेवा. वास गेला तर दोष ट्रॅपचा. ती न्हाणी वापरात नसेल तर पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडा, पाणी लवकर उडणार नाही.

<b>दोष पिशवीचा, झाकणाचा की डब्याचा?</b>

भरलेली पिशवी बांधून घराबाहेर न्या. रिकाम्या डब्याचे झाकण लावून २ तास सावलीत ठेवा. मग झाकण उघडून लगेच हुंगा. वास नसेल तर डबा निर्दोष, चूक पिशवीत किंवा टाकण्याच्या पद्धतीत आहे. वास असेल तर डब्यातच काहीतरी मुरले आहे. स्टीलच्या पेडलच्या डब्यात आत प्लॅस्टिकची बादली असते, ती उचलून खाली बघा. पिशवीतून झिरपलेले थेंब बादलीच्या बाहेरून उतरून तळाशी साचतात आणि आठवडेच्या आठवडे तिथेच राहतात. रोज बादली घासणाऱ्या घरातसुद्धा हा तळ पाहिलेला नसतो.

झाकणासाठी कागदाची परीक्षा करा. वर्तमानपत्राची २ बोटे रुंद पट्टी कडेवर ठेवून झाकण लावा आणि पट्टी ओढा. सहज सुटली तर तिथे फट आहे. असे ६-७ ठिकाणी करून बघा. पेडलच्या डब्यात बिजागरीच्या मागे हमखास फट असते. हार्डवेअरच्या दुकानात दारे-खिडक्यांना लावायची चिकट फोमची किंवा रबराची पट्टी मिळते. ६ मिलिमीटर जाडीची घ्या, कड स्पिरिटने पुसून कोरडी करा आणि झाकणाच्या आतून गोल चिकटवा. फार जाड पट्टी लावली तर झाकण उलट अर्धवट उघडे राहते. झुलत्या झाकणाचा डबा मात्र यासाठी नकोच, त्याला कितीही पट्ट्या लावा.

<b>सोड्याचा गैरसमज</b>

खाण्याचा सोडा हा उपाय सगळीकडे सांगितला जातो, आणि तो निम्माच खरा आहे. सोडा सौम्य अल्कधर्मी. शौचातल्या आंबट, आम्लधर्मी वासांवर त्याचा थोडा उपयोग होतो. अमोनिया स्वतःच अल्कधर्मी, त्याला सोडा काही करत नाही. म्हणून नाकाला झोंबणारा वास असताना तळाला वाटीभर सोडा ओतणे म्हणजे सोडा वाया घालवणे. पावसाळ्यात तर तो दोन दिवसांत गोळे होऊन बसतो.

अमोनियाला आम्ल लागते. किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, १० ग्रॅम (सपाट २ चहाचे चमचे) पाव लिटर पाण्यात विरघळवा आणि फवारणीच्या बाटलीत भरा. ओल्या डायपरवर गुंडाळण्याआधी ५-६ फवारे मारा. अमोनिया आम्लात बांधला जाऊन हवेत येत नाही. बाटलीवर नाव लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, आणि पाणी आठवड्याला नवे करा, जुने झाले की त्यात बुरशी धरते. पांढरे व्हिनेगर निम्मे पाणी घालून चालते, पण त्याचा स्वतःचा वास राहतो. माडाच्या सुरेचे व्हिनेगर स्वयंपाकघरातच बरे, त्याला रंगही असतो आणि दर्पही.

शौचाच्या वासासाठी सक्रिय कोळसा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड चारकोल, चांगला. १०० ते २०० ग्रॅमची कापडी पुरचुंडी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, तळाला नको, तिथे ती भिजते आणि निकामी होते. चुलीतला करवंटीचा साधा कोळसा दिसायला तसाच, पण त्याची वास शोषण्याची ताकद फार कमी.

<b>डायपर डब्यात जाण्याआधी</b>

खरी लढाई इथे आहे. डब्यात पडून गेल्यावर फार काही करता येत नाही.

शी घट्ट असेल तर डायपर कमोडवर उलटा धरून झटकून घ्या आणि फ्लश करा. चिकटलेली असेल तर टॉयलेट पेपरने खरवडून काढा. डायपर स्वतः किंवा ओले वाइप्स मात्र कधीही कमोडमध्ये टाकू नका. गोव्यात बहुतेक घरांचे सांडपाणी सेप्टिक टाकीत आणि सोकपीटमध्ये, म्हणजे शोषखड्ड्यात, जाते. फुगलेली जेल आणि वाइप्सची दोरखंडे तिथे अडकली की टँकरवाल्याला बोलवावे लागते, आणि पावसाळ्यात भरलेली टाकी म्हणजे वेगळाच उपद्व्याप.

मग फवारे. मग पुढची बाजू आत दुमडून पुढून मागे घट्ट गुंडाळत या, शेवटी दोन्ही चिकटपट्ट्या ओढून भोवती लावा. वापरलेले वाइप्स याच गुंडाळीत. मूठभर, कडक वळकटी झाली पाहिजे. सैल वळकटीत हवा राहते आणि दाबल्यावर तोंडातून पाणी येते.

ओल्या डायपरची वळकटी वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानात वाण्याच्या पुडीसारखी बांधा. शीच्या डायपरला वेगळी वागणूक. पातळ पॉलिथीन फाटलेले नसले तरी वास त्यातून हळूहळू आरपार जातो, म्हणून दोन-दोन पिशव्या घालूनही फरक पडत नाही. चिप्स, डिटर्जंट किंवा पिठाचे जे चकचकीत, अनेक थरांचे पाकीट असते, ते वास कितीतरी जास्त अडवते. अशी रिकामी पाकिटे जमवून ठेवा, एका पाकिटात एक शीचा डायपर, तोंडाला पीळ, वर रबरबँड. ही पाकिटे तशीही पुनर्वापराला फारशी जात नाहीत. (ब्रेडच्या पिशव्या चालतात, पण पोदेराकडचा, म्हणजे गावच्या पाववाल्याकडचा, पाव घेणाऱ्यांकडे त्या असायच्या कुठून!)

पिशवीत पुड्या ठेवताना दाबू नका. दाबले की पिशवीतली सगळी घाण हवा एकदम तोंडावर येते, आणि खोलीत पसरणारा वास पुष्कळदा हाच असतो. जैवविघटनशील पातळ पिशव्या इथे उपयोगाच्या नाहीत, ओल लागली की त्या मऊ पडून गळतात. डब्याच्या तळाला, पिशवीखाली, वर्तमानपत्राची ४-५ पाने घाला आणि प्रत्येक पिशवीबरोबर ती बदला.

<b>डबा केवढा, कुठे, किती तास</b>

मोठा डबा घेणे ही सगळ्यात महागडी चूक. दिवसाला ६-७ डायपर आणि ३० लिटरचा डबा असला की तो भरेपर्यंत ४-५ दिवस जातात, आणि घरचे लोक पिशवी भरण्याची वाट बघतात. १० ते १२ लिटरचा पुरतो. त्यात १२-१५ पुड्या न दाबता बसतात. पिशवी भरली की नाही ते बघू नका, घड्याळ बघा: पावसाळ्यात २४ तास, बाकी वर्षभर ४८ तास. अर्धी रिकामी पिशवी टाकायला जीव होत नाही, हे खरे आहे, पण छोटी पिशवी घेतली की तोही प्रश्न सुटतो. १७ बाय १९ इंचांची लहान किंवा १९ बाय २१ ची मध्यम, डब्याच्या तोंडाला बसेल ती.

जागा निवडताना वाऱ्याचा विचार करा. पावसाळ्यात वारा समुद्राकडून, नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. डबा पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवला तर सगळा वास वाऱ्यासोबत घरात. या दिवसांत पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू बरी. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून आणि दुपारनंतर समुद्राकडून, तेव्हा जागा बदलून बघा. उन्हात तर डबा कधीच नको, आत तापमान चढले की अमोनिया अधिक वेगाने सुटतो. बाल्कनीत किंवा बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, ठेवताना वर पत्रा किंवा छप्पर आहे ना, ते बघा, कारण झाकणावरचे पावसाचे पाणी फटीतून आत उतरते.

किनाऱ्यालगतच्या घरांत साध्या पत्र्याचा डबा घेऊ नका. खाऱ्या हवेत पेडलची लोखंडी सळई एका पावसाळ्यात गंजते, मग झाकण पूर्ण बंद होत नाही आणि वास सुरू होतो. असलेल्या डब्याच्या बिजागरीत महिन्यातून एकदा शिलाईमशीनच्या तेलाचे २ थेंब सोडा.

<b>वास मुरलेला डबा असा धुवा</b>

काम बाहेर, मोकळ्या हवेत करा. आधी गार पाण्याने खळबळून घ्या. मग कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने मऊ ब्रशने घासा. तारेची घासणी प्लॅस्टिकवर ओरखडे पाडते आणि घाण त्या ओरखड्यांतच घर करते. खाली पिवळट, खरखरीत थर दिसला तर तो लघवीतल्या क्षारांचा, साबणाने निघत नाही. १ लिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून अर्धा तास भिजवा, थर मऊ होऊन ब्रशला निघेल. भरपूर पाण्याने धुवा.

जंतुनाशक म्हणून ब्लीच वापरायचे असेल तर ते याच दिवशी नको, दुसऱ्या दिवशी, डबा पूर्ण धुतलेला असताना. घरगुती ४-५ टक्क्यांचे ब्लीच १ लिटर पाण्यात २० मिलिलिटर, १० मिनिटे, मग स्वच्छ धुणे. हे बजावून सांगायला हवे: ब्लीच आणि लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि लघवीचा अमोनिया असलेल्या न धुतलेल्या डब्यात ब्लीच ओतले की क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसांना घातक, आणि बंद न्हाणीत तर फारच. स्टीलच्या डब्याला ब्लीच लावू नका, टिपके पडून गंज धरतो. ब्लीचचे पाणी सेप्टिक टाकीत बादल्या-बादल्या ओतू नका, तिथले उपयोगी जिवाणू मरतात.

यानंतरचे काम म्हणजे वाळवणे, आणि नेमके तेच राहून जाते. ऊन असेल तर उपडा घालून २-३ तास. पाऊस असेल तर कोरड्या फडक्याने पुसा आणि पंख्याखाली तासभर ठेवा. बोट फिरवून ओल लागली तर पिशवी घालू नका. दोन डबे आलटून पालटून वापरले तर हा प्रश्नच येत नाही, आणि एका भारी डब्यापेक्षा दोन साधे डबे स्वस्तही पडतात.

एवढे करूनही कोरडा, रिकामा डबा २४ तास बंद ठेवल्यावर वास देत असेल तर प्लॅस्टिकनेच तो पिऊन घेतला आहे. एकदा सोडियम परकार्बोनेटचे, म्हणजे ऑक्सिजन ब्लीचचे, २ मोठे चमचे कोमट पाण्यात घालून रात्रभर भरून ठेवा, झाकण न लावता, मुलांपासून दूर. त्यानेही नाही गेला तर तो डबा परसातल्या खुरपी-कोयत्यासाठी द्या आणि नवा आणा.

अळ्या दिसल्या तर घाबरू नका. माशीची अंडी उबदार हवेत दिवसभरात फुटतात, म्हणजे डबा उघडा राहिला किंवा पिशवी २ दिवसांवर गेली. पिशवी बांधून बाहेर न्या, डबा साबणाच्या गरम पाण्याने धुवा, आणि वरचेच वेळापत्रक पाळा. माशी आत शिरली नाही तर अळी येणार नाही.

<b>कापडी लंगोट असतील तर उलटे</b>

कापडी लंगोटांचा डबा घट्ट बंद ठेवायचा नसतो. हवा खेळती राहिली तर अमोनिया कोंडत नाही, म्हणून झाकण किंचित उघडे किंवा जाळीचे. पाण्याने भरलेल्या बादलीत लंगोट भिजत घालण्याची जुनी पद्धत सोडा. त्या पाण्यालाच सगळ्यात जास्त वास येतो, आणि रांगणारे मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकते. शी झटकून, लंगोट गार पाण्यात पिळून मगच डब्यात. रात्रीचा लंगोट तर सकाळी लगेच धुऊन टाका, त्यात सर्वांत जास्त लघवी असते. पावसाळ्यात रोज धुणे, एरवी जास्तीत जास्त २ दिवस.

धुतलेला लंगोट ओला होताच भपकन वास देतो, तेव्हा धुणे कमी पडते आहे. ‘बाळाचे कपडे’ म्हणून चिमूटभर पावडर टाकली की असे होते. पुरेशी पावडर, ६० अंशांचे पाणी, आणि २ वेळा जास्तीचे खळबळणे. फॅब्रिक कंडिशनर टाकू नका, कापडाची शोषण्याची शक्ती जाते. बाहेर पाऊस असला तरी लंगोट पंख्याखाली पूर्ण कोरडे करा. सुती कापडावर शेवटी इस्त्री फिरवली तर उरलेली ओल जाते, पण बाहेरच्या जलरोधक आवरणावर इस्त्री नको.

<b>हे अजिबात नको</b>

डांबराच्या गोळ्या. काही बाळांना जन्मतः जी-६-पी-डी या विकराची कमतरता असते, आणि अशा बाळाच्या रक्तपेशी नॅफ्थलीनच्या वाफेनेही फुटू शकतात. कमतरता आहे की नाही हे घरी कळत नाही, तेव्हा बाळ असलेल्या घरात गोळ्याच नकोत. कापूरही नको, गिळला तर मुलाला झटके येऊ शकतात. अगरबत्ती, धूप, स्प्रे हे वास झाकतात, काढत नाहीत, आणि बाळाच्या श्वासात धूर जातो तो वेगळाच.

एक तपासणी वासापलीकडची. लघवीला नेहमीपेक्षा उग्र वास आणि रंग गडद, तर उन्हाळ्यात बाळाच्या पोटात पातळ कमी जाते आहे का ते बघा. त्यासोबत ताप असेल, किंवा शी पाण्यासारखी होऊन दुर्गंधी वाढली असेल, तर डब्याचा विचार नंतर, आधी डॉक्टर.

<b>पिशवी घराबाहेर गेल्यावर</b>

डायपर हा सॅनिटरी कचरा. २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार तो सुक्या कचऱ्याच्या डब्यात जायचा; १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत त्याचा वर्ग वेगळा आहे. तो नीट गुंडाळून वेगळा द्यायचा, ओल्यात किंवा सुक्यात नाही. पंचायतीच्या शेडमध्ये कचरा माणसेच हाताने वेगळा करतात. म्हणून वेगळी पिशवी, घट्ट गाठ, आणि वर लाल मार्करने मोठे ‘डायपर’ लिहा. परसात जाळू नका: उघड्यावर जाळायला मनाई आहे, आणि ओली जेल जळतही नाही, नुसती धुमसते. पुरलेले डायपर कुत्री दुसऱ्या दिवशी उकरून काढतात.

हा कचरा नेणारी गाडी आठवड्यातून एकदाच येते तिथे रोजची पिशवी घरात ठेवावी लागणार. त्यासाठी परसात सावलीला ४०-५० लिटरचा, क्लिपने बंद होणारा दुसरा ड्रम ठेवा. रोजच्या बांधलेल्या पिशव्या त्यात, तो रोज उघडायचा फक्त पिशवी टाकण्यापुरता. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचे डायपर असतील तर ड्रम दुप्पट मोठा लागतो, एक डायपर सहज अर्धा-पाऊण किलोचा होतो. चवथीत घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि गाडी २-३ दिवस चुकू शकते, तेव्हा आधीच विचारून ठेवा आणि ड्रमच्या झाकणावर एक चिरा, म्हणजे जांभा दगड, ठेवा, कुत्र्यांना क्लिप उघडता येते.